मधली सुट्टी

आराक्सीने पर्सच्या कडेने खुर्चीवरचा बर्फ खरवडून काढला, उरलेला ओलावा रुमालाने टिपला आणि स्वतः बसण्याआधी शेजारची खुर्चीही तशीच साफ केली. त्या खुर्चीत तिने सातेनिकला हळूच बसवलं. सातेनिकला शहाऐंशी वर्षं पूर्ण झाली होती आणि आधाराशिवाय तिला ना बसता येत होतं, ना उठता.

“मे महिना लागलाय,” सातेनिक म्हणाली. “बटाटे लावून झालेत माझे.”

“उद्या दुपारपर्यंत वितळेल सगळा.”

“बटाट्यांना कोण सांगणार ते?”

पहाटेपासून बर्फ पडत होता. शिराकच्या पठारावर मे महिन्यात एखादी भुरभुर नवी नाही, पण हा तसा नव्हता. मोठे, ओले पुंजके सरळ खाली येत होते. कुंपणाजवळच्या लायलॅकला नुकताच फुलोरा आला होता, त्याच्या फांद्या जमिनीला टेकल्या होत्या. समारंभासाठी उभारलेला मांडव मधोमध फुगून खाली आला होता आणि शिपाई ओनिक झाडूच्या दांड्याने तो आतून ढकलत होता. दर ढकलीला कडेने बर्फाचा लोट खाली पडे आणि मागच्या रांगेतली पोरं टाळ्या वाजवत.

“ओनिक, कुलगुरूंच्या डोक्यावर पाडू नकोस,” आराक्सी म्हणाली.

“बाई, इमारत यायला तेहतीस वर्षं लागली. बर्फाला महिनाभर उशीर झाला तर त्याला कशाला बोलायचं?”

समोर नवी इमारत उभी होती. काळ्या आणि तांबूस दगडाची, चार मजली, मोठ्या खिडक्यांची. जुनी इमारत भूकंपात पडली ती याच जागेवर. तेव्हापासून विद्यापीठाचे वर्ग आधी पत्र्याच्या डब्यांत भरले, मग बंद पडलेल्या मोज्यांच्या कारखान्यात, मग एका बालवाडीच्या वरच्या मजल्यावर. तिथल्या बाकांत मोठ्या पोरांचे गुडघे मावत नसत. आराक्सीने या सगळ्या ठिकाणी भूमिती आणि तांत्रिक रेखन शिकवलं होतं. निवृत्त होऊन तिला सहा वर्षं झाली होती. आज दुसऱ्या मजल्यावरच्या रेखनवर्गाला तिचं नाव दिलं जाणार होतं.

ते का, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. भूकंपाच्या त्या डिसेंबरात सकाळी अकरा एकेचाळीसला तिचा वर्ग चालू होता. तेवीस मुलं होती. त्यांतली तीन वाचली. आराक्सी फळा पुसायचं फडकं भिजवायला जिन्याजवळच्या नळावर गेली होती. जिना तेवढा उभा राहिला. सातेनिकची मुलगी गोहार त्या वर्गात होती. दर वर्षी सात डिसेंबरला सातेनिक गाता भाजून आणते, दोघी टेकडीवरच्या दफनभूमीत जातात आणि ती गोड भाकरी मोडून खातात. फारसं बोलत नाहीत.

शुशान रांगेतून वाट काढत आली. पूर्वी ती आराक्सीची विद्यार्थिनी होती, आता तोच विषय शिकवत होती.

“बाई, तुमचा विद्यार्थी आलाय. क्रास्नोदारहून, बसनं. त्या तिघांतला. एक वारले म्हणे, एक लॉस एंजेलिसला असतात, त्यांचं उत्तर नाही आलं. हे मात्र आले. मान्वेल.”

आराक्सीने मान वळवली नाही.

“कुठे आहे?”

“मागे उभे आहेत. पुढे या म्हटलं तर नको म्हणाले.”

“गोहारच्या वर्गातला?” सातेनिकने विचारलं. “मग बोलाव ना त्याला. इथं बसू दे.”

“नंतर,” आराक्सी म्हणाली.

धर्मगुरूंनी पाव आणि मिठावर प्रार्थना म्हटली. वाजंत्र्यांच्या तुताऱ्या गारठल्या होत्या, पहिला सूर फाटकाच निघाला आणि पोरं हसली. भाषणं झाली. आराक्सी हात मांडीवर ठेवून बसली होती. मान्वेल आलाय, हे ऐकल्यापासून तिच्या कानांवर एक शब्दही नीट पडला नव्हता. भूकंपानंतरच्या वर्षी त्याचं एक पत्र आलं होतं. पाकीट जाड होतं. ते तिने उघडलं नाही. कपाटात चादरींखाली ठेवलं, घर बदललं तेव्हा नव्या कपाटात नेलं, आणि अजून ते तिथेच होतं. त्यात काय लिहिलं असेल हे तिला न वाचताच ठाऊक होतं. तो वर्ग दोन तासांचा सलग असे. मधली सुट्टी बाई द्यायच्या, साधारण साडेअकराला, दहा-पंधरा मिनिटं. मुलं खाली अंगणात जायची, सिगारेट ओढायची, एकमेकांना ढकलायची. त्या दिवशी सुट्टी झाली नाही. हे माहीत असलेली जिवंत माणसं आता तीन होती, आणि त्यांतलं एक तिच्या मागे आठ-दहा रांगांवर उभं होतं.

फीत कापली गेली. सगळे आत शिरले, पायांवरचा बर्फ आपटून आपटून झाडत. सातेनिकला जिना चढवत नव्हता. ओनिकने तिच्यासाठी मांडवात शेगडी आणून ठेवली, आणि ती तिथेच बसून राहिली.

दुसऱ्या मजल्यावर, दाराशेजारी पितळी पाटी होती. कुलगुरूंनी तिच्यावरचं कापड ओढलं, फोटो निघाले. मग ते म्हणाले, “आता आमची एक विनंती. या वर्गातला पहिला तास आराक्सीबाईंनी घ्यावा. दहाच मिनिटं. आमच्या आठवणीसाठी.”

तिला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. शुशानने खडू हातात दिला. तीसेक मुलं बाकांवर बसली, पाहुणे भिंतींना लागून उभे राहिले. अगदी शेवटच्या बाकावर, दाराजवळ, एक टक्कल पडलेला, रुंद खांद्यांचा माणूस टोपी हातात धरून बसला होता. डावा पाय त्याने बाकाबाहेर सरळ ठेवला होता.

आराक्सीने फळ्याकडे वळून एक प्रतल काढलं, मग त्याला छेदणारं दुसरं. दोन्ही जिथे मिळतात तिथली रेषा काढण्यासाठी तिने खडू टेकवला आणि वळून पाहिलं. वर्गातल्या निम्म्या माना खिडक्यांकडे होत्या. बाहेर बर्फ दाट झाला होता, समोरची घरं दिसेनाशी झाली होती. खिडकीजवळच्या एका मुलीने काचेवर श्वास सोडला आणि बोटाने पुसून पुन्हा बाहेर बघितलं.

“खाली जायचंय?” आराक्सीने विचारलं.

मुलगी दचकली. “नाही बाई.”

“जा. सगळेच जा. सुट्टी.”

मुलं कुलगुरूंकडे बघू लागली. ते हसले. “बाई, तीनच मिनिटं झालीत.”

“झाली ना? मग जाऊ द्या त्यांना. मे महिन्यातला बर्फ आहे, तास संपेपर्यंत थांबायचा नाही.”

पाहुण्यांत हशा पिकला, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बाक सरकले, मुलं दाराकडे धावली. त्यांच्यामागून पाहुणेही निघाले. खाली कोन्याक ब्रँडी आणि खाणं मांडलं होतं. शुशान थांबली होती, तिला आराक्सीने खुणेनेच जायला सांगितलं.

शेवटच्या बाकावरचा माणूस उठला नाही.

“बाई, ओळखलंत?”

“ओळखलं, मान्वेल. पाय कसा आहे?”

“कुठला? एक इथं आहे. दुसरा मॉस्कोच्या दवाखान्यात राहिला, त्याची खुशाली काही कळत नाही.”

याच गावचं बोलणं होतं ते. इतकी वर्षं परमुलखात काढूनही पुसलं गेलं नव्हतं. आराक्सी बाकांमधून चालत त्याच्या पुढच्या बाकापर्यंत आली आणि त्याच्याकडे वळून बसली.

“तिकडे काय करतोस?”

“फरशा बसवतो. आता मुलगा बसवतो, मी नुसता चुका काढतो.” त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. “मी पत्र पाठवलं होतं तुम्हाला.”

“मिळालं.”

तो मान हलवत राहिला. खालून मुलांचा आरडाओरडा ऐकू येऊ लागला होता.

“आज तुम्ही पोरांना सोडलंत ना,” तो म्हणाला, “तेव्हा वाटलं, मला बघून सोडलंत. मला दाखवायला. म्हटलं, बाईंना सगळं आठवतंय.”

“काय आठवतंय?”

“माझा प्रश्न.”

आराक्सीने हातातला खडू बाकावर ठेवला.

“साडेअकरा वाजले होते. सगळ्यांचे डोळे घड्याळावर. वारुझाननं तर सिगारेट काढून कानावर लावून ठेवली होती. आणि मी हात वर केला. दोन प्रतलं कागदाच्या बाहेर छेदत असतील तर रेषा कशी मिळवायची. तुम्ही समजावायला लागलात. वारुझान खालून लाथ मारत होता मला.” तो थांबला. “मला उत्तर माहीत होतं, बाई. आदल्या रात्रीच वाचलं होतं मी. गोहार पुढच्या बाकावर होती. तिनं मागं वळून बघावं म्हणून विचारलं.”

“बघितलं तिनं?”

“बघितलं. जीभ काढून दाखवली.”

हे सांगताना त्याचा आवाज अगदी साधा होता. किती वेळा मनातल्या मनात त्याने हे म्हणून पाहिलं असेल, असं आराक्सीला वाटलं.

“दहा मिनिटं, बाई. दहा मिनिटांत सगळे अंगणात असते. पत्रात हेच लिहिलं होतं. तुमचं उत्तर आलं नाही तेव्हा समजलो. बरोबरच होतं तुमचं. काय लिहिणार?” त्याने टोपी उलटी केली, सुलटी केली. “आता परत यायला मिळेल की नाही माहीत नाही, म्हणून आलो. आधी तुम्हाला तोंडानं सांगायचं होतं. आता खाली जाऊन गोहारच्या आईला सांगतो.”

आराक्सीने खिडकीकडे पाहिलं. काही न बोलता बसून राहणं, एवढंच तिला करावं लागणार होतं. तो उठला असता, लंगडत जिना उतरला असता, सातेनिकसमोर उभा राहिला असता. सातेनिकने त्याला शिव्या दिल्या असत्या किंवा पोटाशी धरलं असतं. आणि त्या दहा मिनिटांचा हिशोब कायमचा दुसऱ्याच्या नावावर गेला असता. बाहेरची पितळी पाटी तशीच राहिली असती.

“बैस,” ती म्हणाली.

“बसलोच आहे, बाई.”

“मी त्या दिवशी सुट्टी देणारच नव्हते.”

त्याला कळलं नाही.

“तू हात वर केलास त्याच्या आधीच ठरवलं होतं मी. साडेअकराला घड्याळ बघितलं आणि तुमच्याकडे पाठ फिरवली. तू विचारलंस तेव्हा मला बरंच वाटलं, निमित्त मिळालं. तू विचारलं नसतंस तर मी दुसरं काहीतरी काढलं असतं. तुम्हाला सोडलं नसतं.”

मान्वेल तिच्याकडे बघत राहिला.

“मला बरं वाटावं म्हणून सांगताय.”

“तुला बरं वाटावं म्हणून मी तेहतीस वर्षांत काही केलेलं नाही. तुझं पत्र मी उघडलंसुद्धा नाही. अजून बंद आहे.”

“का?”

“मला वाटलं, तू माझ्याबद्दल लिहिलं असशील.”

खालून कुणीतरी किंचाळलं आणि मग खूप जण हसले. मान्वेलचा हात डाव्या मांडीवर गेला, जिथे खरा पाय संपत होता तिथे थांबला.

“पण का, बाई? का द्यायची नव्हती सुट्टी?”

त्या सकाळी आराक्सी वर्गात शिरली तेव्हा फळ्यावर तिचं चित्र होतं. कंपासच्या टोकांसारखे दोन काटकुळे पाय, त्यांवर स्कर्ट, आणि फळ्याच्या कडेपर्यंत गेलेलं नाक. स्कर्ट नवा होता. दोन महिने रांगेत नाव लावून मिळालेलं कापड शिवून घेतलं होतं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच अंगावर चढवलं होतं. चित्रात त्याच्या चुण्यासुद्धा होत्या. सगळा वर्ग हसू दाबून बसला होता. काही न बोलता तिने ते पुसलं, तास सुरू केला, आणि आज तुम्हाला बाहेर सोडत नाही, असं मनाशी म्हटलं. बस, एवढंच. पस्तिशीतल्या एका बाईला आपले पाय बारीक असल्याचं वाईट वाटलं होतं. चित्र कुणी काढलं हे तिला तेव्हा जाणून घ्यायचं होतं. नंतर कधीच नाही. तेवीस जणांपैकी कुणीतरी. वीस टेकडीवर होते.

तिने तोंड उघडलं. मान्वेल थोडा पुढे झुकला होता, शाळकरी मुलासारखा.

“घरी भांडण झालं होतं,” आराक्सी म्हणाली. “नवऱ्याशी. डोकं तापलेलं होतं. तो राग तुमच्यावर काढला.”

त्या सकाळी तिच्या नवऱ्याने, वाहानने, तिला लवाशच्या पातळ रोटीत चीज गुंडाळून दिलं होतं आणि नव्या स्कर्टला मागून लागलेला दोरा दातांनी तोडला होता. वाहानला जाऊनही आता आठ वर्षं झाली होती. त्याच्या नावावर एक खोटं भांडण घातल्याने त्याचं काही बिघडणार नव्हतं.

मान्वेलने गुडघ्यावरची टोपी उचलली.

“म्हणजे मी विचारलं नसतं तरी.”

“तरी.”

त्याने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. डोळे कोरडेच होते, पण नाकपुड्या हलत होत्या.

“माझ्यावर रागाव. चालेल मला,” ती म्हणाली.

“रागवायचं कुणावर हे इतकी वर्षं पक्कं ठाऊक होतं मला. आता जरा वेळ लागेल, बाई.”

“लागू दे.”

“गोहारच्या आईला…”

“तिला मी सांगेन. तू काही बोलायचं नाहीस. माझं मी सांगेन, आजच.”

तो उठला. बाकाला धरून पाय सरळ केला आणि खिडकीपाशी गेला. तिथे उभा राहून खाली बघता बघता त्याचे खांदे हळूहळू खाली आले, जसं ओझं उतरल्यावर हमालाला काही वेळ आपले हात कुठे ठेवावेत हे सुचत नाही, तसा तो उभा होता. मग वळून म्हणाला,

“तुम्ही भांडलात घरी, हे मला खरं वाटेना. एवढ्या शांत असायच्या तुम्ही. त्या सकाळी तर मला मारच बसायला हवा होता.”

“कशाबद्दल?”

“फळ्यावर तुमचं चित्र काढलं होतं मी. आठवत नसेल तुम्हाला. तुम्ही नवा स्कर्ट घालून जिना चढत होतात, वरून बघितलं आणि धावत जाऊन काढलं. पोरं नको नको म्हणत होती. गोहार तर म्हणाली, पूस ते, बाईंना वाईट वाटेल.” तो जरासा थांबला. “तुम्ही आलात, पुसलंत, एक शब्द बोलला नाहीत. रागावला होतात का हो?”

आराक्सी बाकाची कड धरून उभी राहिली. नव्या लाकडाला रोगणाचा वास येत होता. मान्वेल वाट बघत होता. प्रश्न त्याने सहज विचारला होता, पण त्याचा चेहरा अजून पुरता सैल झाला नव्हता.

“छे,” ती म्हणाली. “चांगलं जमलं होतं. नाक तेवढं लांब काढलं होतंस.”

तो हसला. आधी घशातल्या घशात, मग मोठ्याने, आणि हसता हसता त्याला खोकला आला.

“लांबच आहे, बाई.”

“असेल. जा आता. कोन्याक संपवतील ते लोक.”

तो गेल्यावर त्याच्या पावलांचा एक हलका, एक जड आवाज जिन्यावरून उतरत गेला. आराक्सी तिथेच उभी राहिली. काही वेळाने तो अंगणात दिसला. कुणा मुलाने फेकलेला गोळा त्याच्या पाठीवर फुटला, तेव्हा तो वळला, कुणी मारला ते शोधू लागला, आणि मग लाकडी पाय बाजूला टाकून, कसाबसा वाकून, दोन्ही हातांनी बर्फ गोळा करू लागला. मुलं थोडी मागे सरली आणि मग एकदम त्याच्यावर तुटून पडली. त्याने वर पाहिलं असतं तर खिडकीत ती दिसली असती, म्हणून आराक्सी एक पाऊल मागे झाली.

मग पर्स घेऊन ती खाली गेली.

मांडवात शेगडीजवळ सातेनिक एकटीच होती. शालीत गुरफटून अंगणातला गोंधळ बघत होती.

“तो बघ, पांढऱ्या केसांचा घोडा,” ती म्हणाली. “केस तरी कुठले, टक्कलच आहे. काय म्हणत होता एवढा वेळ वर?”

“जुनं काहीबाही.”

“गोहारबद्दल काही बोलला?”

“बोलला. गोहार मनानं फार चांगली होती, असं म्हणाला.”

सातेनिकने मान हलवली. तिला यात नवं काही नव्हतं.

“सातेनिक, मला तुला एक सांगायचंय. त्या दिवसाचं.”

म्हातारीने वर पाहिलं. अंगणातल्या उजेडाने तिचे डोळे पाण्याने भरले होते. तिने शेजारची खुर्ची हाताने थोपटली.

“बैस आधी. असं उभ्यानं कसलं सांगतेस?”

आराक्सी बसली नाही. उभ्यानेच सांगू लागली.